एजंट नेमका कोणाच्या बाजूचा?

मावशीसाठी डोंबिवलीत जुनी सदनिका शोधत असताना आम्ही ज्या एजंटकडे गेलो, त्याच्या गाळ्यात गणपतीच्या तसबिरीशेजारी महारेराचे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचे, नोंदणी प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत लावलेले होते, आणि खरे सांगायचे तर आमचा निम्मा विश्वास त्या चौकटीवरच बसला. दोन घरे पाहून झाल्यावर तिसरे मावशीला आवडले. ‘मालकाकडे आणखी दोन पार्ट्या आहेत, आजच टोकन टाका’ असे एजंटने सांगितले आणि आम्ही ५१,००० रुपये रोख त्याच्या हातावर ठेवले. पावती मागितली तेव्हा त्याने स्वतःच्या व्हिजिटिंग कार्डाच्या मागे ‘टोकन मिळाले’ असे लिहून सही केली. त्यावर ना सदनिकेचा क्रमांक होता, ना मालकाचे नाव, ना व्यवहार मोडल्यास पैशांचे काय होणार याचा उल्लेख. पुढे सोसायटीच्या थकबाकीवरून व्यवहार फिसकटला. मालक म्हणाला, मला काहीच मिळालेले नाही. एजंट म्हणाला, मी मालकाला दिले. आणि चार महिन्यांनी, दोन हप्त्यांत, ४०,००० रुपये परत आले. उरलेले ११,००० ‘धावपळीचे’ म्हणून वजा झाले.

महारेराकडे तक्रार करायची म्हणून मी कायदा उघडला, तेव्हा कळले की ते प्रमाणपत्र खरे होते, मुदतीतले होते, आणि आमच्या व्यवहाराशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. घर घेणाऱ्या पुष्कळांना ‘रेरा नोंदणीकृत एजंट’ हे शब्द डॉक्टरच्या पदवीसारखे वाटतात, म्हणजे पदवी एकदा मिळाली की येणाऱ्या प्रत्येक रुग्णासाठी ती लागू. प्रत्यक्षात ही नोंदणी एका ठरावीक प्रकारच्या व्यवहारापुरती आहे. तो प्रकार कोणता, त्यात ग्राहकाच्या पदरात काय पडते आणि त्याबाहेरच्या व्यवहारात कशाचा आधार घ्यायचा, हे समजून घेतले तर निदान व्हिजिटिंग कार्डावरच्या पावत्या तरी टळतील.

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, म्हणजे बोलीतला ‘रेरा’, संसदेने मार्च २०१६ मध्ये संमत केला आणि १ मे २०१७ पासून तो पूर्णपणे लागू झाला. महाराष्ट्रात त्याआधी १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा, म्हणजे बोलीतला ‘मोफा’, होताच. पण त्याची सारी नजर बिल्डरवर होती, आणि घर दाखवणारा, भाव जुळवणारा, दोन्हीकडून दलाली घेणारा माणूस त्या कायद्याच्या लेखी जणू अस्तित्वातच नव्हता. २०१६ च्या कायद्याने प्रथमच त्याची व्याख्या केली आणि ती चांगली ऐसपैस केली. मोबदला घेऊन दुसऱ्याच्या वतीने मालमत्तेच्या विक्रीची बोलणी करणारा, किंवा कोणत्याही माध्यमातून घेणाऱ्याची आणि विकणाऱ्याची गाठ घालून देणारा, तो एजंट. मग त्याने स्वतःला दलाल म्हणवून घ्यावे, प्रॉपर्टी डीलर म्हणवून घ्यावे, नाहीतर अलीकडच्या फॅशनप्रमाणे चॅनेल पार्टनर.

मात्र नोंदणीची सक्ती ज्या कलमात आहे, त्या कलम ९ ची शब्दरचना या व्याख्येपेक्षा बरीच अरुंद आहे. रेराखाली नोंदवलेल्या प्रकल्पातील जी सदनिका, जो भूखंड किंवा जी इमारत विकासक स्वतः विकत आहे, तिच्या खरेदी-विक्रीत मध्यस्थी करायची असेल तर एजंटने नोंदणी केली पाहिजे, असे ते कलम सांगते. ‘विकासक विकत आहे’ या शब्दांवर सगळे अडते. विकासकाकडून घर घेतलेल्या माणसाने दहा वर्षांनी ते विकायला काढले, म्हणजे ज्याला आपण रीसेल म्हणतो, तर तो व्यवहार या कलमाबाहेर जातो. भाड्याच्या घराचा तर त्यात विषयच नाही. शिवाय जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पालाच नोंदणी लागत नाही, आणि प्रकल्प नोंदणीकृत नसला की त्यातल्या एजंटवरची सक्तीही उरत नाही. जुने घर घेताना किंवा भाड्याने जागा शोधताना बहुतेकांची एजंटशी पहिली ओळख होते, आणि नेमका तोच भाग नोंदणीच्या कुंपणाबाहेर राहिलेला आहे.

कुंपणाच्या आत मात्र नियम बऱ्यापैकी कडक आहेत. महाराष्ट्रात एकट्या व्यक्तीने एजंट म्हणून नोंदणी करायची तर शुल्क १०,००० रुपये आहे, कंपनी किंवा भागीदारी संस्थेला १ लाख रुपये आहे, आणि नोंदणी पाच वर्षे चालते. एजंटचा क्रमांक इंग्रजी ‘ए’ने सुरू होतो, प्रकल्पाचा ‘पी’ने, जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेला क्रमांक कोणाचा आहे हे एवढ्यावरूनही कळते. प्रत्येक विक्रीत एजंटने आपला क्रमांक नमूद केलाच पाहिजे. नोंदणीशिवाय मध्यस्थी केली तर दररोज १०,००० रुपये दंड होऊ शकतो आणि तो साठत साठत त्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. सुरुवातीच्या काळात नोंदणी म्हणजे अर्ज आणि शुल्क एवढेच होते. त्यामुळे चटई क्षेत्र (कार्पेट एरिया) म्हणजे काय हे धड सांगता न येणारा माणूसही नोंदणीकृत एजंट असू शकत होता. जानेवारी २०२३ मध्ये महारेराने प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, मुदत वाढवत वाढवत ती १ जानेवारी २०२४ वर आणली, आणि तरीही सक्षमता प्रमाणपत्र न मिळवणाऱ्या सुमारे २०,००० एजंटांची नोंदणी २०२४ मध्ये स्थगित केली. म्हणून भिंतीवरच्या चौकटीत प्रमाणपत्र आहे एवढे पाहून थांबू नये. महारेराच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकून नोंदणी चालू आहे की स्थगित, हे पाहायला दोन मिनिटे लागतात.

एजंटची कर्तव्ये कलम १० मध्ये आहेत. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातील घर त्याने विकू नये, हिशेबाची वह्या-कागदपत्रे ठेवावीत, स्वतःकडे नसलेली मान्यता किंवा संलग्नता असल्याचे भासवू नये, सेवेबद्दल खोटी वा दिशाभूल करणारी विधाने करू नयेत, आणि बुकिंगच्या वेळी ग्राहकाला जी माहिती व कागदपत्रे मिळण्याचा हक्क आहे ती सगळी मिळवून द्यावीत. यातले शेवटचे कर्तव्य सर्वांत मोलाचे आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. ‘मंजूर नकाशा ऑफिसला आहे, नंतर बघू’ असे जो एजंट सांगतो, तो ग्राहकाला नुसता टोलवत नसतो, कायद्याने लावून दिलेले काम टाळत असतो. आणि हे कलम ९-१० त्याच्यासमोर नुसते उच्चारले तरी नकाशा ऑफिसातून किती लवकर खाली येतो, हे पाहण्यासारखे असते.

आता पैशाकडे वळू, कारण एजंट कोणाच्या बाजूचा हे तिथे ठरते. नव्या प्रकल्पात ग्राहकाकडून सहसा दलाली घेतली जात नाही, आणि ‘आमची सेवा तुम्हाला फुकट आहे’ हे वाक्य त्यामुळेच अक्षरशः खरे असते. एजंटचे पैसे विकासक देतो. समजा ८० लाखांच्या घरावर एक विकासक २ टक्के देतो आणि शेजारच्या प्रकल्पाचा विकासक, तिथली घरे खपत नसल्यामुळे, ४ टक्के देतो. म्हणजे पहिल्या घरावर एजंटला १ लाख ६० हजार मिळणार आणि दुसऱ्यावर ३ लाख २० हजार. रविवारी सकाळी तो ग्राहकाला गाडीत बसवून प्रथम कोणती साइट दाखवेल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. दलालीचा दर किती असावा याबद्दल रेरा कायदा काही म्हणत नाही, आणि कोणत्या घरावर आपल्याला किती मिळणार हे एजंटने ग्राहकाला आपणहून सांगावे, असे बंधनही त्यात नाही. माझ्या मते या कायद्यातली ही सर्वांत मोठी फट आहे. एजंटला खोटे बोलायला मनाई आहे, पण आपले हित कशात गुंतले आहे याबद्दल गप्प राहायला मनाई नाही. काही एजंट आपल्या दलालीतला वाटा ग्राहकालाच परत देऊ करतात; असा देकार आला की वरच्या दलालीचा आकडा आपल्या अंदाजापेक्षा मोठा आहे एवढे ओळखावे.

खोट्या आश्वासनावर विसंबून पैसे भरले आणि फसगत झाली तर काय, याचे उत्तर कलम १२ मध्ये आहे. जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना सदनिका पाहून ग्राहकाने पैसे भरले आणि त्यातली माहिती चुकीची निघाली, तर नुकसानभरपाई मागता येते, आणि व्यवहारातून बाहेर पडायचे असेल तर सगळी रक्कम व्याजासह परत मागता येते. जाहिरातीची व्याख्या ‘कोणत्याही माध्यमातून’ अशी असल्याने छापील पत्रकाइतकेच मोबाइलवर आलेल्या संदेशाकडेही बोट दाखवता येते. म्हणून ‘समोर कधीच इमारत होणार नाही, गॅलरीतून खाडीच दिसणार’ असे एजंट तोंडी म्हणाला की ‘हे मला लिहून पाठवा’ एवढेच नम्रपणे म्हणावे. तो पाठवेल किंवा पाठवणार नाही, दोन्हींतून माहिती मिळतेच. त्याचप्रमाणे कलम १३ नुसार नोंदणीकृत विक्री करार होण्यापूर्वी विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही; ८० लाखांच्या घरासाठी ही मर्यादा ८ लाखांची झाली. हे पैसेही धनादेशाने किंवा बँकेमार्फत थेट प्रकल्पाच्या खात्यात जायला हवेत. एजंटच्या नावाने धनादेश मागितला गेला तर तिथेच थांबावे.

एक बारकावा मात्र बहुतेक लेखांत सुटतो. कलम ३१ खाली ग्राहकाला विकासकाप्रमाणेच एजंटविरुद्धही महारेराकडे तक्रार करता येते, आणि सुनावणी होऊन एजंटला दंड होऊ शकतो, त्याची नोंदणी रद्दही होऊ शकते. पण दंडाची रक्कम सरकारजमा होते. ती ग्राहकाला मिळत नाही. नुकसानभरपाई ठरवणारी जी कलमे या कायद्यात आहेत, ती विकासकाच्या चुकांसाठी आहेत. म्हणजे एजंटला धडा शिकवायचा असेल तर महारेरा, आणि एजंटकडून आपले पैसे वसूल करायचे असतील तर ग्राहक आयोग, असा ढोबळ हिशेब मांडता येतो. दोन्ही दारे एकाच वेळी बंद होत नाहीत: रेरा असला तरी ग्राहक संरक्षण कायद्याखालचा हक्क शाबूत राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच स्पष्ट केलेले आहे.

प्रकल्पाचा ‘पी’ क्रमांक आहे म्हणजे सारे आलबेल, असेही धरून चालू नये. कल्याण-डोंबिवलीतील ६५ इमारतींच्या प्रकरणात महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या सादर करून रेराचे क्रमांक मिळवण्यात आले होते. घरे विकली गेली, लोकांनी कर्जे काढली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. क्रमांक खरा होता, त्यामागचा कागद खोटा होता. तेव्हा महारेराच्या संकेतस्थळावर दिसणारे प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे बांधकाम सुरू करण्याची परवानगी, डाउनलोड करून त्याचा क्रमांक व तारीख महापालिकेच्या नगररचना विभागात पडताळून घेणे, आणि स्वतःचा वकील नेमून मालकीहक्काचा शोध अहवाल काढणे, याला पर्याय नाही. हा वकील एजंटने सुचवलेला नसावा. १ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात प्रकल्पांच्या जाहिरातींवर क्यूआर कोड सक्तीचा आहे, तो मोबाइलने वाचला की प्रकल्पाचे पान उघडते. विकासकाने आपल्या एजंटांची नावे व पत्ते प्राधिकरणाला कळवायचे असतात, त्यामुळे आपल्यासमोर बसलेल्या माणसाचे नाव तिथे आहे का, हेही पाहून घ्यावे.

रीसेलकडे आले की चित्र पार बदलते. इथे दलाली दोन्हीकडून घेतली जाते, बहुधा १ ते २ टक्के प्रत्येकी, आणि एकच माणूस विकणाऱ्याला ‘तुम्हाला चांगला भाव मिळवून देतो’ आणि घेणाऱ्याला ‘तुमच्यासाठी भाव पाडून घेतो’ असे एकाच दुपारी सांगत असतो. त्याच्यावर रेराचा अंमल नाही, पण तो कायद्याबाहेरही नाही. १८७२ चा भारतीय करार कायदा अजून लागू आहे आणि त्यातली अभिकर्त्याची, म्हणजे एजंटची, कलमे आपल्या प्रश्नांना थेट भिडतात. ज्याच्या वतीने काम करतो त्याला एजंटने हिशेब दिला पाहिजे, त्याच्यासाठी घेतलेली रक्कम त्याला दिली पाहिजे, काम योग्य कौशल्याने केले पाहिजे. वेगळे काही ठरले नसेल तर काम पूर्ण होईपर्यंत मोबदला देय होत नाही (कलम २१९), आणि कामात गैरवर्तन करणाऱ्याला त्या कामाचा मोबदला मागताच येत नाही (कलम २२०). आमचे ११,००० रुपये ज्या ‘धावपळी’पोटी गेले, तिला या कलमांसमोर उभे राहणे जड गेले असते, पण ती तेव्हा मला माहीत नव्हती आणि मावशीला कटकट नको होती. सेवेत कसूर झाली म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, आणि दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क पडत नाही. दलालीचे बहुतेक वाद या मर्यादेत बसतात. फक्त हातात कागद हवा. रोखीने दिलेली आणि कुठे न लिहिलेली दलाली आयोगापुढे सिद्ध करणे फार अवघड जाते.

भाड्याच्या घराबद्दल थोडक्यात सांगायचे तर तिथे एजंटवर विशेष कायदा नाही आणि एक महिन्याचे भाडे दलाली म्हणून देण्याचा प्रघात हा केवळ प्रघात आहे. ११ महिन्यांनी करार वाढवताना एजंट पुन्हा महिन्याचे भाडे मागतो, तेव्हा पहिल्या वेळी तसे लेखी ठरले होते का, एवढेच विचारावे. ‘११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ हा सल्ला महाराष्ट्रात चुकीचा आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, मुदत कितीही असो, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे.

रीसेलच्या एजंटांना कायद्याखाली आणणे अशक्य असते असे नाही. हरियाणाने रेराच्या आधी, २००८ मध्येच, मालमत्ता व्यवहारातील डीलरांना परवाना सक्तीचा करणारा कायदा केला. इंग्लंडमध्ये घरविक्रीचा एजंट विकणाऱ्याचा माणूस असतो हे सगळ्यांनाच ठाऊक असते, त्या घरात त्याचे वैयक्तिक हित असेल तर ते उघड करण्याची सक्ती १९७९ च्या कायद्याने केली आहे, आणि जून २०१९ पासून भाडेकरूकडून एजंटने शुल्क उकळण्यावर तिथे बंदी आली. आपल्याकडे ‘किती मिळते ते सांग’ एवढे एक वाक्य कलम १० मध्ये घातले, आणि कलम ९ मधले ‘विकासक विकत आहे’ हे शब्द सैल केले, तरी बरेच साधेल असे मला वाटते.

दुसऱ्या वर्षी मावशीने घर घेतले, तेही रीसेलचेच, आणि तेही एजंटमार्फतच. त्या वेळी मी एक पानी पत्र तयार करून नेले होते. त्यात सदनिकेचा क्रमांक, मालकाचे नाव, दलाली १ टक्का आणि ती विक्री कराराची नोंदणी झाल्याच्या दिवशी बँकेमार्फत, विसाराची रक्कम थेट मालकाच्या खात्यात, आणि मालकाच्या बाजूने व्यवहार मोडल्यास ती सात दिवसांत परत, एवढ्या गोष्टी होत्या. शेवटच्या ओळीत ‘या व्यवहारात मी मालकाकडूनही मोबदला घेत आहे / घेत नाही’ असे लिहून नको ते खोडण्यासाठी जागा सोडली होती. एजंटने पत्र दोनदा वाचले, चष्मा काढून पुसला, ‘एवढ्या वर्षांत मला असे कुणी विचारले नाही’ म्हणाला, ‘घेत नाही’वर काट मारली आणि सही केली.